न समजलेली सूचना म्हणजे नाकारलेली सेवा

सार्वजनिक सेवेच्या वेबसाइटवर कुणी सहज फेरफटका मारायला जात नाही. काहीतरी अडलेलं असतं म्हणून माणूस तिथे जातो. घरात मृत्यू झालेला असतो आणि दाखला काढायचा असतो. नोकरी गेलेली असते आणि भत्ता मिळेल का ते बघायचं असतं. आईला चालता येईनासं झालेलं असतं, परवान्याची मुदत उद्या संपणार असते. अशा माणसाला समोरच्या पानाकडून तीनच गोष्टी हव्या असतात: हे माझ्यासाठी आहे का, मी काय करायचं आणि काम किती दिवसांत होईल. ही उत्तरं जिथे सापडत नाहीत ते पान कितीही देखणं असो, तिथपर्यंत पोचलेल्या माणसाला सेवा मिळालेली नसते. म्हणून वेबसाइटवरच्या मजकुराला 'सेवेविषयीची माहिती' म्हणणं मला मान्य नाही. तो मजकूर सेवेचाच भाग आहे, आणि तो न समजणं हा वाचणाऱ्याचा दोष नाही.

खासगी कंपनीची वेबसाइट कळेनाशी झाली तर ग्राहक दुसरीकडे जातो. विक्री घटते, वरिष्ठ जाब विचारतात, पान बदललं जातं. सार्वजनिक सेवेत ही साखळीच नसते. मृत्यूचा दाखला देणारं कार्यालय एकच, निवृत्तिवेतन देणारं खातं एकच. पान न कळलेला माणूस जाणार कुठे? तो हेल्पलाइनवर ताटकळतो, रजा टाकून कार्यालयात जातो, ओळखीतल्या कुणाला तरी गळ घालतो, नाहीतर पैसे देऊन मध्यस्थ गाठतो. आणि कित्येक जण यांतलं काहीच करत नाहीत. हक्काचं असलेलं सोडून देतात. त्यांची नोंद कुठेच होत नाही, कारण न केलेल्या अर्जाला क्रमांक नसतो. मध्यस्थांच्या सुळसुळाटाविषयी सगळीच सरकारं तक्रार करतात, पण मध्यस्थाचा धंदा चालतो तो मुळात न कळणाऱ्या अर्जांवर आणि सूचनांवर. त्या सुबोध केल्या तर त्याचं निम्मं काम संपतं, असं मला मनापासून वाटतं.

आता एक वाक्य बघा. ते माझ्याच मनाने रचलेलं आहे, पण वाचणाऱ्याला ओळखीचं वाटेल: "सदर योजनेअंतर्गत लाभ मिळण्यासाठी पात्र अर्जदारांनी विहित नमुन्यातील अर्ज आवश्यक त्या कागदपत्रांसह सक्षम प्राधिकाऱ्याकडे विहित मुदतीत सादर करणे बंधनकारक राहील. अपूर्ण अर्जांचा विचार केला जाणार नाही." व्याकरणात एकही चूक नाही. पण पात्र कोण, अर्जाचा नमुना कुठे मिळेल, कागदपत्रं कोणती, प्राधिकारी कोण आणि मुदत कधीची, या पाचांपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर यात नाही. प्रत्येक प्रश्नाच्या जागी एक विशेषण बसवून दिलेलं आहे. वाक्य वाचून हातात पडते ती फक्त धमकी.

हेच असंही लिहिता येईल: "तुमचं वय ६० पेक्षा जास्त असेल आणि तुम्हाला दुसरं निवृत्तिवेतन मिळत नसेल, तर तुम्ही अर्ज करू शकता. अर्ज ३१ मार्चपर्यंत करा. सोबत वयाचा पुरावा आणि बँक खात्याचा तपशील जोडा. एखादं कागदपत्र राहिलं तर आम्ही १० दिवसांत तुम्हाला कळवू." हा मजकूर सोपा आहेच, पण माझ्या मते त्यातली खरी गोष्ट शेवटच्या वाक्यात आहे. ते वाक्य लिहिण्यासाठी कार्यालयाला आधी काहीतरी ठरवावं लागलं. कागदपत्र राहिलं तर अर्ज फेकून द्यायचा की कळवायचं? कळवायचं तर कुणी, किती दिवसांत? 'अपूर्ण अर्जांचा विचार केला जाणार नाही' असं लिहिताना यातलं काहीच ठरवावं लागत नाही. संदिग्ध भाषा टिकून राहते ती लिहिणाऱ्याला मराठी किंवा इंग्रजी येत नाही म्हणून नव्हे. ती टिकते कारण ती सोयीची असते. ज्याची जबाबदारी घ्यायची नाही ते कर्मणी प्रयोगात लिहून टाकलं की कर्ताच गायब होतो: निर्णय घेतला जाईल, कळविण्यात येईल, कार्यवाही करण्यात येईल. कोण करणार, कधी करणार, हे विचारायला जागा उरत नाही.

त्यामुळे मजकूर सुबोध करणं म्हणजे अवघड शब्द काढून सोपे घालणं, ही समजूत अपुरी आहे. मजकूर सुबोध करायला बसलं की नियमांतल्या फटी दिसू लागतात. दोन विभाग एकाच कागदाची मागणी वेगवेगळ्या नावांनी करत असल्याचं लक्षात येतं. एखादा प्रश्न अर्जात का आहे, हे कुणालाच सांगता येत नाही असंही आढळतं. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात निरनिराळ्या सरकारी मदतींसाठी जो एकत्रित अर्ज होता, तो ४२ पानांचा होता. त्यात एक हजाराहून जास्त प्रश्न आणि १८ हजारांहून जास्त शब्द होते. आजारी, बेरोजगार, लहान मुलं सांभाळणाऱ्या माणसांनी तो भरायचा होता. 'सिव्हिला' नावाच्या संस्थेने राज्याच्या खात्याबरोबर काम करून, अर्ज भरणाऱ्यांशी आणि तो तपासणाऱ्या कर्मचाऱ्यांशीही बोलून, तो पुन्हा रचला. २०१८ मध्ये वापरात आलेला नवा अर्ज जवळपास ८० टक्के लहान होता. निव्वळ वाक्यं छाटून एवढी कपात होत नाही. कोणत्या माहितीची खरोखर गरज आहे, हे कुणीतरी पहिल्यांदाच विचारलं म्हणून ती झाली.

सुबोध लिहायचं म्हटलं की पहिला आक्षेप येतो तो कायद्याचा. सोपं लिहिलं तर अचूकता जाईल, उद्या कुणी न्यायालयात गेलं तर काय, अशी भीती असते. ही भीती मी उडवून लावत नाही. उत्पन्नाच्या मर्यादेत 'पर्यंत' आणि 'पेक्षा कमी' यांत एका रुपयाचा फरक पडतो, आणि त्या एका रुपयावर कुणाचा तरी अर्ज अडतो. असे तपशील गाळून केलेला सोपेपणा हा निष्काळजीपणाच आहे. पण अधिनियमाचं काम आणि वेबसाइटच्या पानाचं काम वेगळं आहे. अधिनियम हक्क निर्माण करतो, पानाने तो हक्क मिळवायचा कसा ते सांगायचं असतं. मूळ नियम ज्याला वाचायचा आहे त्याच्यासाठी त्याचा दुवा द्यावा. पानावर मात्र अर्जदाराच्या कामाचं तेवढंच, पण पूर्ण अचूक असावं. आणि अचूकता कुठे मोजायची, हाही प्रश्न आहेच. लिहिणाऱ्याच्या कागदावर अचूक असलेलं वाक्य वाचणाऱ्याच्या डोक्यात चुकीचं पोचलं, तर ते अचूक कसं म्हणायचं?

दुसरा आक्षेप म्हणजे शिकलेल्या माणसांना असं लिखाण पोरकट वाटेल. अनुभव उलटा आहे. क्रिस्तोफर ट्रुडो या अमेरिकी विधी प्राध्यापकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांसमोर एकाच मजकुराची पारंपरिक कायदेशीर आणि साधी अशी दोन्ही रूपं ठेवली होती. सुमारे ८० टक्के वेळा लोकांनी साधं रूप पसंत केलं. विषय जितका गुंतागुंतीचा तितकी ही पसंती वाढत गेली, आणि जास्त शिकलेल्यांनाही साधंच हवं होतं. यात नवल नाही. जो दिवसभर किचकट दस्तऐवज वाचतो, त्याला किचकटपणाची किंमत सर्वांत जास्त माहीत असते. वकिलाचाही मुलगा आजारी पडतो आणि त्याही वेळी त्याला तातडीने फोन नंबर हवा असतो.

पडद्यावर माणसं कशी वाचतात, याची माहिती फार जुनी आहे, तरी सार्वजनिक वेबसाइटी ती विचारात घेत नाहीत. १९९७ मध्ये वेबसाइटींच्या वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी त्यांच्या चाचण्यांतून दाखवलं की ७९ टक्के लोक नवं पान नुसतं नजरेखालून घालतात आणि शब्दन् शब्द वाचणारे १६ टक्केच असतात. आज मोबाइलच्या अरुंद पडद्यावर, बसमध्ये उभ्याने वाचताना, लक्ष आणखी विखुरलेलं असणार. नजर शीर्षकांवर, ओळींच्या पहिल्या शब्दांवर, आकड्यांवर थांबते. अशा वेळी पानाची सुरुवात विभागाच्या स्थापनेच्या इतिहासाने, ध्येयवाक्याने आणि पदाधिकाऱ्यांच्या छायाचित्रांनी होत असेल, तर वाचणाऱ्याचा पहिला आणि बहुधा शेवटचा मिनिट वाया गेला. घाबरलेला, थकलेला, दुःखात असलेला माणूस तर एरवी कळणारं वाक्यही दोनदा वाचतो. सार्वजनिक सेवेच्या पानावर येणाऱ्यांत अशी माणसं अपवाद नसतात. म्हणून सर्वांत महत्त्वाचं सर्वांत वर, एका वाक्यात एकच गोष्ट, शीर्षक प्रश्नाला भिडणारं आणि वाचणाऱ्याला थेट 'तुम्ही', हे शैलीचे नखरे नाहीत. वाचण्याच्या या रीतीतूनच ते नियम आले आहेत.

अपंग व्यक्तींसाठीच्या सुगम्यतेचा, म्हणजे त्यांनाही पान सहज वापरता येण्याचा मुद्दा यालाच जोडलेला आहे, पण तो सहसा तंत्रज्ञांकडे ढकलला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे १३० कोटी लोक, म्हणजे जवळपास १६ टक्के, लक्षणीय अपंगत्वासह जगतात. त्यांच्या वाटेतले बरेच अडथळे कोडमधून नाही, मजकुरातून येतात. दृष्टिहीन माणूस स्क्रीन रीडरच्या मदतीने पान ऐकतो. पानावरच्या दुव्यांची यादी एकापाठोपाठ एक ऐकून हवा तो दुवा शोधणं ही त्याची नेहमीची पद्धत. त्या यादीत त्याला 'इथे क्लिक करा, इथे क्लिक करा, अधिक वाचा, इथे क्लिक करा' एवढंच ऐकू येत असेल, तर कुठला दुवा कशाचा हे कळायला मार्ग नाही. 'अपंगत्व प्रमाणपत्रासाठी अर्ज करा' असा दुवा लिहायला तंत्रज्ञ लागत नाही, लिहिणाऱ्याने विचार करावा लागतो. शीर्षक नुसतं ठळक अक्षरांत न लिहिता पान रचताना 'हे शीर्षक आहे' अशी खूण लावून लिहिलं की ऐकणारा माणूस थेट त्या भागावर उडी मारू शकतो. चित्रात दिलेली सूचना त्याच्यापर्यंत पोचतच नाही, सोबत तोच मजकूर शब्दांत दिल्याशिवाय.

आणि स्कॅन केलेली पीडीएफ! सही-शिक्क्याचं पत्र स्कॅन करून चढवलं की माहिती प्रसिद्ध झाली, असं असंख्य कार्यालयांना वाटतं. त्या फाइलमध्ये अक्षरं नसतात, अक्षरांचा फोटो असतो. स्क्रीन रीडरला त्यात वाचण्यासारखं काही सापडत नाही, शोधयंत्रालाही अनेकदा अडचण येते, मोबाइलवर ती बोटांनी ताणून ताणून वाचावी लागते, आणि दुसऱ्या भाषेत भाषांतर करू पाहणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. ही एक सवय मोडली तरी लाखो लोकांचं वाचन सुकर होईल.

वेबची मानकं ठरवणाऱ्या 'वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियम' या आंतरराष्ट्रीय संस्थेने सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वं १९९९ मध्ये प्रथम प्रसिद्ध केली. दुसरी आवृत्ती २००८ मध्ये आली, तिच्या सुधारित आवृत्त्या २०१८ आणि २०२३ मध्ये. अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान ४.५ : १ इतका उजळपणाचा फरक (कॉन्ट्रास्ट) असावा, असे मोजता येणारे निकष त्यांत आहेत, आणि अनेक देशांचे कायदे त्यांवर उभे आहेत. या तत्त्वांचे ए, डबल ए आणि ट्रिपल ए असे तीन स्तर आहेत. कायदे साधारणपणे डबल ए पर्यंतची सक्ती करतात. आता गंमत नव्हे, गंभीर गोष्ट अशी की मजकूर माध्यमिक शाळेच्या खालच्या इयत्तांपर्यंत शिकलेल्याला कळावा, नाहीतर त्याची सोपी आवृत्ती द्यावी, हा निकष ट्रिपल ए मध्ये आहे. अपरिचित शब्दांचा अर्थ द्यावा, संक्षेप उलगडून सांगावेत, हेही तिथेच. म्हणजे एखादी वेबसाइट तपासणीत शंभर टक्के उत्तीर्ण होऊ शकते आणि तरीही ती कुणाला कळत नाही, असं होऊ शकतं. बौद्धिक अक्षमता असलेला, नव्याने भाषा शिकणारा, जेमतेम वाचता येणारा माणूस त्या कायदेशीर सुगम्यतेच्या बाहेरच राहतो. मजकूर समजणं मोजायला अवघड आहे, हे खरं. पण अवघड आहे म्हणून ते ऐच्छिक ठरवणं मला अन्यायाचं वाटतं.

सुबोध भाषेचे स्वतंत्र कायदेही झाले आहेत. स्वीडनच्या २००९ च्या भाषा कायद्याने सार्वजनिक संस्थांची भाषा नेटकी, साधी आणि समजण्याजोगी असावी असं बंधन घातलं. अमेरिकेत १३ ऑक्टोबर २०१० रोजी 'प्लेन रायटिंग अ‍ॅक्ट'वर सही झाली. पण त्या अमेरिकी कायद्यात न्यायालयीन दाद मागण्याची वाट बंद करून ठेवलेली आहे: खात्याने कायदा पाळला नाही, म्हणून नागरिकाला न्यायालयात जाता येत नाही. ब्रिटनमध्ये तर १९७९ मध्ये क्रिसी माहेर या कार्यकर्तीने लंडनच्या पार्लमेंट स्क्वेअरमध्ये न कळणाऱ्या सरकारी अर्जांचे जाहीरपणे तुकडे केले होते आणि त्यातून 'प्लेन इंग्लिश कॅम्पेन' उभी राहिली. इतकी वर्षं ही मागणी होते आहे, तिच्या बाजूने पुरावे आहेत, कायदे आहेत. तरी पानं तशीच राहतात, याचं कारण माझ्या मते लेखनकौशल्याच्या अभावात नाही, अधिकाराच्या वाटपात आहे. मजकूर लिहितो एक, त्यावर शेरे मारतात दहा. विधी विभाग एक कलम घालतो, वित्त विभाग एक अट, वरिष्ठ अधिकारी एक परिच्छेद. काढून टाकण्याचा अधिकार कुणालाच नसतो.

ब्रिटन सरकारच्या ऑनलाइन सेवा सांभाळणाऱ्या 'गव्हर्नमेंट डिजिटल सर्व्हिस' या विभागाने नेमकं इथेच बोट ठेवलं. १७ ऑक्टोबर २०१२ रोजी 'डायरेक्टगव्ह' आणि 'बिझनेस लिंक' या जुन्या सरकारी वेबसाइटींच्या जागी 'गव्ह डॉट यूके' ही एकच वेबसाइट आली. तिथे पान लिहिण्याआधी ते कोणाच्या कोणत्या गरजेसाठी आहे हे सांगावं लागे. विभागांतल्या जाणकारांकडे मजकूर जाई तो तथ्यं तपासण्यासाठी. माहिती चुकली असेल तर ते सांगू शकत, वाक्यांची रचना आणि शैली मात्र मजकूर घडवणाऱ्यांच्या हाती राही. हा बदल छोटा दिसतो, पण सगळं त्यावर अवलंबून आहे. नियमाचा जाणकार आणि वाचणाऱ्याचा जाणकार ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसऱ्याला पहिल्याइतकाच मान मिळाला पाहिजे.

हल्ली एक नवी पळवाट निघाली आहे. पानं सुधारायची कशाला, वर एक चॅटबॉट बसवू, लोक त्यालाच विचारतील. न्यूयॉर्क शहराने २०२३ मध्ये व्यावसायिकांसाठी असा चॅटबॉट सुरू केला. मार्च २०२४ मध्ये 'द मार्कअप' या वृत्तसंस्थेने दाखवून दिलं की तो कायद्याच्या सरळ विरोधात जाणारे सल्ले देत होता, अगदी मालकांना कामगारांच्या टिपमधला वाटा घेता येतो इथपर्यंत. यंत्र मुळातच चुकू शकतं, त्यात खालचा मजकूर संदिग्ध, जुना आणि परस्परविरोधी असेल तर चुकीला आणखी वाव मिळतो. शिवाय संदिग्ध पान वाचणाऱ्याला निदान शंका तरी येते. चॅटबॉट तेच गोड आणि ठाम आवाजात सांगतो. आधी खालची पानं नीट करा, मग वर हवं ते यंत्र बसवा.

२०२३ च्या आयएसओ २४४९५-१ या आंतरराष्ट्रीय मानकाने सुबोध भाषेची कसोटी वाचणाऱ्याकडे ठेवली आहे: त्याला हवं ते सापडलं का, सापडलेलं समजलं का, समजलेलं वापरता आलं का. ही कसोटी कार्यालयात बसून लावता येत नाही. ज्यांना ती सेवा लागते अशा मोजक्या माणसांसमोर पान ठेवून, 'आता तुम्ही काय कराल?' एवढं विचारलं, मध्ये न बोलता त्यांचं उत्तर ऐकलं, की बहुतेक दोष तासाभरात उघडे पडतात. हेल्पलाइनवर येणारे प्रश्न, परत गेलेल्या अर्जांची कारणं, लोक शोधपेटीत टाइप करतात ते शब्द, हा सगळा पुरावा खात्याकडे आधीच जमा असतो. तो मजकूर लिहिणाऱ्याच्या टेबलावर आणायला नवा खर्च लागत नाही.

आणि तरीही चुकलं तर? इथे माझी मागणी थोडी कडक आहे. करारांच्या कायद्यात एक जुनं तत्त्व आहे: कलम संदिग्ध असेल, तर ते ज्याने लिहिलं त्याच्या विरुद्ध त्याचा अर्थ लावायचा. युरोपीय समुदायाच्या १९९३ च्या ग्राहक करारांविषयीच्या निर्देशातही हेच आहे. अटी साध्या, समजणाऱ्या भाषेत लिहाव्यात आणि शंका आल्यास ग्राहकाला अनुकूल अर्थ धरावा. विमा कंपनीकडून आपण जी अपेक्षा करतो, ती सार्वजनिक खात्याकडून का करू नये? पानावर मुदत स्पष्ट लिहिलेली नसेल आणि अर्ज उशिरा आला, तर तो वेळेत आला असं धरावं. कागदपत्रांची यादी अपुरी असेल, तर राहिलेला कागद नंतर देण्याची संधी द्यावी आणि अर्जाची तारीख पहिलीच मानावी. पानावरच्या माहितीवर विसंबून कुणाचं नुकसान झालं, तर ते भरून देण्याची जबाबदारी ज्या खात्याच्या नावाने ते पान चालतं त्या खात्याची असावी. त्यासाठी प्रत्येक पानावर ते कोणत्या विभागाचं आहे आणि शेवटचं कधी तपासलं, हे लिहिलेलं असलं पाहिजे, आणि जुन्या आवृत्त्या जपून ठेवल्या पाहिजेत, म्हणजे अर्जदाराने त्या दिवशी नेमकं काय वाचलं होतं ते अपिलात दाखवता येईल.